दिगूमामांच्या खोलीतली नावं

मुलगी पाहायला गेल्यावर काय काय विचारतात, याची मी घरून पुरती तयारी करून गेलो होतो. पगार किती, नोकरी कायम की तात्पुरती, घर स्वतःचं की भाड्याचं, तंबाखू खातो का. सगळी उत्तरं पाठ होती. मुलीचे मामा भिंतीला टेकून बसले होते. अंगात पांढरा शर्ट, खांद्यावर घडी घातलेली दस्ती. तासभर ते एक अक्षर बोलले नाहीत. शेवटी पोह्यांची बशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "पाव्हणं, तुमच्या बैलाचं नाव काय हाय?"

आमच्याकडे बैल नव्हता. वडील सेलूला शाळामास्तर, गावाकडची जमीन बटईनं दिलेली. पण बैल नाही म्हटलं तर स्थळ हातचं जाईल असं वाटून मी ठोकून दिलं, "राजा."

"राजा तर घरोघर ऱ्हातोय. खोड काय त्याची?"

"खोड नाही," मी घाईघाईनं म्हणालो, "एकदम निर्व्यसनी आहे."

माजघरात बायकांना हसू फुटलं. त्यातलंच एक हसू पुढे कायमचं माझ्या घरी आलं आणि अजून अधूनमधून ऐकू येतं. मामा मात्र हसले नाहीत. भाच्यांच्या लग्नांत त्यांचा शब्द शेवटचा असे. ते मेव्हण्याला म्हणाले, "बैल न्हाई ह्यांच्याकडं. पर खोटं बोलताना पोरगं घामाघूम झालं. म्हंजे सवय न्हाई. द्या पोरगी."

हे दिगूमामा. दिगंबरराव. मूळचे झरीचे, घरी मोठी शेती. बी.एस्सी. होऊन परभणीजवळच्या एका ज्वारी संशोधन केंद्रात लागले आणि तिथल्या सांख्यिकी शाखेतच केस पांढरे केले. लग्नानंतर वर्षभरात माझी टंकलेखक म्हणून नेमकी त्याच केंद्रात, त्यांच्याच खोलीत बदली झाली. यामागे मामांचा हात होता असं लोक म्हणत. मला तसं वाटत नाही. मी हाताखाली आल्यानं सर्वांत जास्त पंचाईत त्यांचीच झाली. भाचजावयाला अरेतुरे करता येत नाही आणि टंकलेखकाला रागावल्याशिवाय भागत नाही. मग ते मोठ्या अदबीनं रागवत. "जावईबापू, आपण पुन्ना गाढवपणा केलात. जरा बगून घेता का?"

मामांनी केंद्रातलं गणित हातानं फिरवायच्या यंत्रापासून पाहिलेलं. बेरीज-गुणाकाराला दांडा फिरवायचा, आकडा मावला नाही की आतून घंटा वाजायची. त्या यंत्राला ते 'वाजंत्री' म्हणत. मग पत्त्याएवढ्या कार्डांना भोकं पाडायचे दिवस आले. कार्डं पत्र्याच्या पेटीत भरून रेल्वेनं हैदराबादेला जायची, तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटातून निघून महिन्यानं परत यायची, आणि बरोबर एक कागद असायचा की अमुक कार्डाला भोक चुकलंय, सगळं पुन्हा पाठवा. त्या कॉम्प्युटरला काय नाव ठेवलं होतं, असं मी एकदा विचारलं.

"न बगितलेल्या बैलाला नाव कसं ठिवू?" मामा म्हणाले. "खोड कळल्याबिगर नाव न्हाई."

त्यानंतर केंद्राचा स्वतःचा पहिला पीसी आला. खोलीला एसी बसला, दाराबाहेर चपलांची रांग लागू लागली, आणि ज्वारीचे शास्त्रज्ञ केवळ गारव्याला म्हणून आकडेवारीबद्दल चर्चा करायला येऊ लागले. हा पीसी दुपारी वीज खालीवर झाली की बसकण मारायचा. उठवला तरी उठायचा नाही. पेरणीत मध्येच बसणाऱ्या बैलाला आमच्याकडे बश्या म्हणतात, म्हणून तो बश्या. खोलीत सगळे सर्रास तेच म्हणत. मी नवा होतो, जिभेला तेच वळण पडलं आणि जिभेचं वळण बोटांत उतरलं. मासिक अहवालात मी टाइप केलं, 'बश्या दुपारी बारानंतर उठला नाही, सबब काम अपूर्ण.' वरून पत्र आलं, सदर कर्मचाऱ्याचा लेखी खुलासा पाठवावा.

"पाठवा की," मामा म्हणाले. "अंगठा घ्या त्याचा."

मग आली ती तीन मशिनं. साल मी सांगत नाही, चुकीचं सांगितलं तर हिचं हसू ऐकावं लागेल. विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागायच्या थोडं आधीची गोष्ट, एवढं पुरे. या मशिनांना पीसी म्हणायचं नाही, वर्कस्टेशन म्हणायचं, असं पुण्याहून आलेल्या इंजिनियरनं पहिल्याच दिवशी बजावलं. पीसीपेक्षा ताकद कितीतरी जास्त, पडदा मोठा, प्रत्येकावर एकेकट्यानं बसून काम करायचं, आणि तिन्ही एका तारेनं जोडलेली, म्हणजे याचं काम त्यावर आणि त्याचं यावर. सरकारी पत्रात त्याला 'कार्यस्थानक' असा शब्द आला. मामांनी तो दोनदा मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "स्थानकात गाडी यील तवा यील. तवर पेटारे खोला."

पेटारे खोलले, तारा जोडल्या, बटण दाबलं. पडद्यावर मशीन विचारू लागलं, माझं नाव काय?

"प्रत्येकाला नाव लागतं," इंजिनियर म्हणाला. "तारेवरून ती एकमेकांना नावानंच ओळखतात. इंग्रजी आठ अक्षरांत बसवा. पुण्यात आम्ही ताऱ्यांची नावं दिली. इथं एक-दोन-तीन टाकू का?"

आमचे संचालकसाहेब साताऱ्याकडचे. माणूस सज्जन, पण फार जपून चालणारा. ते म्हणाले, "नको, नको. एक कोण आणि तीन कोण, यावरूनही उद्या काही निघेल. समिती नेमू."

बाहेरच्या वाचकाला यात हसू येईल. त्या वर्षांत मराठवाड्यात 'नाव' हा शब्द कुणी जरा मोठ्यानं उच्चारला तरी चहाच्या टपरीवर माना वळत. एका नावासाठी लोकांनी मार खाल्ला होता, तुरुंग पाहिला होता, गावोगाव घरं जळाली होती. एकाच कचेरीत टेबलाला टेबल लावून बसणारी माणसं त्या एका विषयावर वर्षानुवर्षं गप्प होती. साहेबांची भीती अगदीच बिनबुडाची नव्हती.

समिती बसली. मी मिनिटं, म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, लिहायला होतो. आधी नद्या निघाल्या. गोदावरी नेमकी आठात बसली, सगळ्यांना आनंद झाला. मग पूर्णा आधी की दुधना, यावरून जिंतूरकर आणि सेलूकर भिडले. मग थोर पुरुषांकडे वळले. एकानं एक नाव सुचवलं, दुसऱ्यानं लगेच दुसरं. मोठी नावं आठात मावेनात. लेखाधिकारी म्हणाले, "मग थोडं कापू."

"'कापू' हा शब्द मिनिटांत घेऊ नका," साहेब माझ्याकडे वळून म्हणाले.

तेवढ्यात मामांनी दस्तीनं कपाळ पुसत विचारलं, "आन मशीन बंद पडलं तर सायेब? अमुक महाराज बंद पडले, असं लिवायचं का अहवालात? जावईबापूंच्या हातचा अहवाल कसा ऱ्हातो, आपल्याला ठाव हाय."

साहेबांनी बैठक तहकूब केली. पुढची बैठक ठरेना. इंजिनियर मामांना नाव कुठं टाकायचं ते दाखवून पुण्याला निघून गेला, आणि तिन्ही मशिनं कापड पांघरून बसून राहिली.

यात खरं मरण होतं ते सोनकांबळे मॅडमचं. वत्सला सोनकांबळे, आमच्याकडे तात्पुरत्या संशोधन सहायक. वालूरजवळच्या खेड्यातल्या, वसतिगृहात राहून शिकलेल्या. ज्वारीच्या खोडमाशीवर त्यांची पीएच.डी. चालली होती. तीन हंगाम त्यांनी पहाटे उठून रानोरान माशीनं मारलेले पोंगे, म्हणजे ताटांचे मधले कोंब, मोजले होते. आकडे सगळे तयार होते, पण त्यांचं गणित बश्याला झेपत नव्हतं. निम्म्यात आला की बसायचा. नोंदणीची मुदत त्या महिनाअखेर संपत होती. प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि तात्पुरती नोकरी ज्या आशेवर चालली होती ती आशाही. रोज सकाळी त्या यायच्या, झाकलेल्या मशिनांकडे बघायच्या आणि बश्यासमोर जाऊन बसायच्या. तक्रार एका शब्दाची नाही.

एका सोमवारी बश्या पुन्हा बसला. मॅडमनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मामा उठले. त्यांनी तिन्ही मशिनांवरची कापडं ओढली, नीट घड्या केल्या आणि कपाटावर ठेवल्या.

"मामा, समिती?" मी.

"आमच्या झरीला बैल मालक आणतो, जावईबापू. पैसे त्याचे, गोठा त्याचा. पर नाव तो ठिवत न्हाई. पयल्या हंगामाला जो गडी कासरा धरतो, त्याच्या तोंडून नाव पडतं, मग ते मालकाला आवडो न आवडो. ज्याच्या हाती कासरा, त्याच्या तोंडी नाव. समितीतलं कोन बसनार हाय ह्यांच्यावर?"

कुणीच बसणार नव्हतं. बसणार होतो आम्ही तिघं.

"मंग बोला. जावईबापू, पयले तुमी."

मी छाती काढून 'तुफान' म्हणालो. पुढे सगळ्यांची आकडेवारी माझ्याच मशीनवर साठवायची ठरली आणि त्या ओझ्यानं ते खोलीतलं सर्वांत मंद मशीन झालं. 'तुफान चालू झालं का?' हा प्रश्न मी निवृत्तीपर्यंत ऐकला. मामांची मात्र मोठी अडचण झाली. खोड कळल्याशिवाय नाव नाही हा त्यांचाच कायदा, आणि मशीन तर नाव टाकल्याशिवाय खोड दाखवायला तयार नाही. बराच वेळ दस्ती चाळवून त्यांनी 'नव्या' असं टाकलं. बाजारातून आणलेल्या जनावराला नाव पडेपर्यंत नव्या म्हणायची रीत आहे. भंगारात जाईपर्यंत ते मशीन नव्याच होतं.

मग सोनकांबळे मॅडमची पाळी आली. दारात दोनतीन जण येऊन उभे राहिले होते. त्या काय नाव घेणार, हे प्रत्येकाला माहीत असल्यासारखं वाटत होतं, आणि घेतल्यावर काय होईल याचा हिशोबही प्रत्येक जण मनात करत होता. मॅडमना ते कळत होतं.

"तुम्हाला वाटतंय ते नाव विद्यापीठाच्या दारावर लागायचंय," त्या म्हणाल्या. "इथं डब्यावर नको. माझं 'गयाबाई' टाका."

"कोण गयाबाई?" दारातून कुणीतरी विचारलं.

"माझी आई."

मामांनी खुर्ची मागं सरकवली. "मी कामून टाकू? कासरा तुमच्या हाती हाय. टाका तुमीच."

त्यांनी एकेक अक्षर टाकलं. मशीन क्षणभर घुरघुरलं आणि चालू झालं. संध्याकाळपर्यंत बश्याला कधी न झेपलेलं गणित निम्म्याच्या पुढं गेलं होतं.

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. मी मिनिटांची फाइल घेऊन मामांच्या मागं उभा.

"दिगंबरराव, समितीचा निर्णय बाकी आहे आणि तुम्ही नावं ठेवून मोकळे?"

"जनावर दावनीला बांधून खायलंय सायेब, आन शेत पडीक."

"जनावर राहू द्या. गयाबाई कोण?"

"सोनकांबळेबाईंची आई."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उद्या पेपरात आलं तर? अर्धे म्हणतील, शासनाच्या यंत्राला कुणाच्यातरी आईचं नाव कसं. अर्धे म्हणतील, मुद्दाम दिलं. मी कुणाला काय सांगू?"

"सांगा की, जी बसती तिनं ठिवलं. जिल्ह्यात एक कुनबी सापडायचा न्हाई ज्याला हे कळत न्हाई."

"मला कळत नाही असं समजा. बदला ते नाव. आजच."

"आज बदललं तर चालू गनित मधीच तुटंल. आकडे तुफानावर, गनित गयाबाईवर, नावानंच एकमेकींना हाका मारायल्या. महिनाअखेर प्रबंध जाऊ द्या. मंग आपन म्हनाल तसं."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "महिनाअखेर मी स्वतः येऊन बघेन," ते म्हणाले. "आणि तुम्हालाही मला इथं ठेवता येणार नाही, दिगंबरराव. उद्या वरून विचारणा झाली तर मी काहीतरी केलं असं दिसलं पाहिजे."

चारठाण्याकडच्या बीजप्रक्षेत्रावर बदलीचा हुकूम आठवड्यात आला. तिथं कॉम्प्युटर सोडा, विजेचाही भरवसा नव्हता. ज्या मशिनांची मामांनी वाजंत्रीच्या काळापासून वाट पाहिली, त्यांच्यावर त्यांना महिनाही धड मिळाला नाही. घरी हिनं माझं डोकं खाल्लं, "तुम्ही काही बोलला का नाहीत?" मी मिनिटं लिहीत होतो, हे कारण तिला पटलं नाही. मामांना विचारलं तर म्हणाले, "आदी त्या पोरीचं उरकू द्या." आणि दिवसभर मॅडमशेजारी बसून तक्ते तपासत राहिले.

प्रबंध महिनाअखेरच्या सकाळी बांधून गेला. पोहोच घेऊन मॅडम दुपारी आल्या त्या आईला घेऊनच. गयाबाई ऊसतोडीवरून दोन दिवसांपूर्वी परतल्या होत्या. उन्हानं रापलेला चेहरा, हातावर पाचटाचे ओरखडे, नवं लुगडं. दारात वहाणा काढून त्या आत आल्या आणि एसीच्या गारव्यानं थबकल्या.

"अगं माय, इतं तर हिवाळाच हाय की!"

मामांनी आपली खुर्ची त्यांच्यापुढं केली. मॅडमनी मशीन दाखवलं. गयाबाईंनी ते पुढून पाहिलं, वाकून मागून पाहिलं.

"हिला माजं नाव कामून देलंस गं?"

"तू थकत नाहीस म्हणून."

"कोन म्हनलं थकत न्हाई? तुला दिसू देलं न्हाई, एवढंच." मग मामांकडे वळून, "ही थकती का वो, दादा?"

"थकती की. दुपारी लय गरम हुती. घडीभर बंद ठिवावं लागतं."

"मंग बरोबर हाय," गयाबाई म्हणाल्या आणि खुर्चीवर टेकल्या.

त्याच वेळी संचालकसाहेब आले. कबूल केल्याप्रमाणे, स्वतः. अनोळखी बाईला खुर्चीवर बघून ते दारातच थांबले. गयाबाई पदर सावरत उठू लागल्या.

"सायेब," मामा म्हणाले, "ह्या गयाबाई."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"आज बदलायचं ठरलं होतं," मामा अगदी हळू, अर्ज केल्यासारखं म्हणाले. "मीच सांगनार हुतो ह्यांना. पर माज्याच्यानं तोंड उघडंना. आपन सांगता का?"

"काय सांगायचं हाय, सायेब?" गयाबाईंनी विचारलं. आवाजात काळजी होती. पोरीचं काही चुकलं की काय, एवढंच त्यांच्या मनात असावं.

मॅडमनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"काही नाही," साहेब म्हणाले. "तुमच्या मुलीनं काम फार चांगलं केलं. बसा तुम्ही, बसा." मग माझ्याकडे वळून एकदम खेकसले, "चहा सांगितला का यांना? की तेही मिनिटांत लिहायचंय?"

मी चहा सांगायला धावलो. परत येईपर्यंत साहेब गेले होते. त्यानंतर त्यांनी नावाचा विषय कधी काढला नाही, समितीची बैठकही पुन्हा भरली नाही. सोनकांबळे मॅडम डॉक्टर झाल्या, पुढे कायम झाल्या. ते मशीन असेपर्यंत केंद्रातली सगळी माणसं, दारात उभी राहून वाट बघणारी धरून, रोज सकाळी गयाबाईंचं नाव टाकून कामाला लागत होती.

मामांची बदली तेवढी रद्द झाली नाही. त्यांना पोचवायला मी जिंतूरच्या गाडीपर्यंत गेलो. ट्रंक टपावर चढवली, गाडीला वेळ होता. मी म्हणालो, "मामा, नाव तर तसंच राहिलं. मग तुमची बदली कशासाठी? मी साहेबांना जाऊन भेटतो. आता ते ऐकतील."

मामांनी खिडकीतून माझ्या खांद्यावर हात ठेवला. नोकरीच्या एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते मला अरेतुरे करून बोलले.

"येडा हायस का रे? सायेबाला कायतरी एक हलवून दावायचं हुतं. ती हलली असती, न्हाईतर मी. मला चारठान्याला जागा हाय. तिला दुसरी कुटं हुती?"